ब्युनोस आयर्समध्ये टॅक्सीवाला नोट परत करतो तेव्हा

पातागोनियाला किंवा अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचा एखाद-दुसरा मुक्काम ब्युनोस आयर्सला होतोच, कारण अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उश्वाइया शहराचं विमान बहुतेकांना तिथूनच धरावं लागतं. त्यांच्यासाठी, आणि मुद्दाम अर्जेंटिना बघायला निघालेल्यांसाठीही, हे लिहिते आहे. आम्हाला ज्या पद्धतीने फसवलं ती तिथल्या लोकांना तोंडपाठ आहे. नव्या माणसावर मात्र ती अजूनही चालते.

आम्ही दोघी, मी आणि ताई, 2022च्या नोव्हेंबरमध्ये गेलो होतो. शहराने पहिल्याच सकाळी जीव लावला. रस्तोरस्ती जॅकरांडा फुललेला, फुटपाथवर जांभळ्या पाकळ्यांचा थर. कतारचा विश्वचषक तोंडावर आलेला, त्यामुळे दुकानादुकानांत निळे-पांढरे पट्टे. नऊ जुलैच्या नावाचा तो अवाढव्य रस्ता एका सिग्नलमध्ये ओलांडून होत नाही. प्लासा दे मायो चौकात गुलाबी कासा रोसादासमोर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर, फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. लष्करी राजवटीने ज्यांची मुलं गायब केली, त्या आया डोक्याला पांढरा रुमाल बांधून 1977पासून दर गुरुवारी तिथे फेरी घालत आल्या आहेत. त्या रुमालांवर पाय पडू नये म्हणून आम्ही बाजूबाजूने चाललो.

आता पैशांचं. त्या काळात डॉलरचे दोन भाव होते, एक सरकारी आणि एक बाजारातला, ज्याला सगळे ‘ब्लू’ म्हणत. ब्लूचा भाव जवळजवळ दुप्पट होता. त्यामुळे जो तो रोख डॉलर घेऊन यायचा, आणि फ्लोरिदा रस्त्यावर पावलापावलाला ‘कांबिओ, कांबिओ’, म्हणजे पैसे बदला, असा पुकारा चालायचा. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, वेस्टर्न युनियन या पैसे पाठवणाऱ्या कंपनीतून पेसो, म्हणजे तिथलं चलन, घेतलं. तेव्हा सर्वांत मोठी नोट हजाराची, नारिंगी रंगाची. तिच्यावर ओर्नेरो, म्हणजे त्यांचा राष्ट्रीय पक्षी. शंभर डॉलरचं एवढं मोठं पुडकं मिळालं की पर्सची चेन लागेना. अनोळखी नोटा आणि हातात गड्डी, ठगाला नेमकं हेच गिऱ्हाईक हवं असतं.

प्लासा दे मायोपासून आम्ही रेकोलेताला टॅक्सी केली. एव्हिताची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या पत्नी एवा पेरोनची, कबर तिथल्या दफनभूमीत आहे, ती बघायची होती. काळी-पिवळी टॅक्सी, मीटर चालू, चालक साठीचा, गोड बोलणारा. मेस्सीबद्दल भरभरून बोलला. मीटरवर आठशेच्या वर आकडा होता. मी हजाराची नोट दिली. त्याने ती घेतली, हात खाली मांडीपाशी नेला, मग बोटांत चोळून बघितली आणि मान हलवत परत केली. ‘फाल्सो.’ खोटी. मी दुसरी दिली. ती त्याने खाली नेऊन पुन्हा वर आणली, समोरच्या काचेपाशी उजेडात धरली, आणि तीही परत. चेहऱ्यावर आमच्याबद्दल काळजी. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तिसरी नोट चालली. सुटे दिले, हात हलवला आणि गेला.

संध्याकाळी एका पिझ्झेरियात बिल देताना वाढणाऱ्या मुलीने आमच्या दोन नोटा बाजूला काढल्या. तिने गड्डीतली एक खरी नोट घेतली, टॅक्सीवाल्याने परत केलेली एक घेतली, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या आणि माझं बोट धरून त्यांवरून फिरवलं. खऱ्या नोटेची छपाई नखाला खरबरीत लागते, खोटी गुळगुळीत. दिव्यासमोर धरल्यावर खरीत वॉटरमार्क आणि आतला धागा दिसतो, खोटी कोरीच. मग तिने विचारलं, टॅक्सीत कुणी नोट परत केली होती का? आम्ही काही सांगण्याआधीच तिला कळलं होतं. आमच्यापेक्षा तीच जास्त संतापली.

खोट्या नोटा त्याच्या मांडीखाली आधीच तयार असतात. आपली खरी नोट खाली जाते, वर येते ती त्याची. नोट देताना आपण सगळेच जपतो. चोरी होते ती नोट परत घेताना, आणि तेव्हा उलट आपल्यालाच ओशाळल्यासारखं वाटत असतं.

गेले दोन हजार पेसो, ब्लूच्या भावाने सहा-सात डॉलर. कुणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी काय लिहायचं! पण दुसऱ्या दिवशी मेट्रोमध्ये, ज्याला तिथे सुब्ते म्हणतात, एका आजींनी ताईच्या पाठीवरच्या सॅकला हात लावून ती पुढे घ्यायची खूण केली, तर ताई अंग चोरून झटकन मागे सरली. आजींचा चेहरा पडला. त्या आमच्या भल्याचंच सांगत होत्या. एका माणसाच्या लबाडीमुळे शहरातल्या भल्या माणसांचाही आम्हाला संशय यायला लागला, याचा राग मला अजून आहे.

तेव्हा एवढं करा. हॉटेलबाहेर पडण्याआधी प्रत्येक किमतीची एक नोट हातात घेऊन बघा, चाचपा, उजेडात धरा. टॅक्सीसाठी सुटे वेगळे ठेवा. मोठी नोट द्यायचीच तर तिच्यावर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे चालकाला ऐकू जातील असे मोठ्याने वाचून मग द्या. ही युक्ती त्या पिझ्झेरियातल्या मुलीनेच सांगितली, आणि नंतर आम्ही ती प्रत्येक वेळी वापरली. नोट परत आली तर आकडे जुळवा. हजाराची देऊन ‘तुम्ही शंभराचीच दिलीत’ म्हणणारेही असतात, त्यांनाही हाच उपाय.

रेकोलेता, सान तेल्मो या भागांत आणखी एक प्रकार चालतो. पाठीवर अचानक काहीतरी पातळ, मस्टर्डसारखं पडतं. लगेच कुणीतरी कागदी रुमाल घेऊन कबुतराने घाण केली म्हणत पुसायला येतं. पुसू देऊ नका, थांबूही नका. सरळ समोरच्या दुकानात किंवा कॅफेत शिरा. पुसणाऱ्याचा साथीदार तोवर तुमची बॅग घेऊन पसार होतो.

आता तिथली परिस्थिती थोडी बदलली आहे. एप्रिल 2025मध्ये सर्वसामान्यांवरचे डॉलर खरेदीचे निर्बंध बरेचसे उठले, दोन भावांतली दरी आटली, त्यामुळे फ्लोरिदावर नोटा बदलण्याचा धोका पत्करण्यात अर्थ उरला नाही. पण 2024मध्ये दहा हजार आणि वीस हजारांच्या नोटा आल्या. चालकाने एकदा खऱ्याची खोटी नोट केली की जाणारी रक्कमही त्यामुळे वाढली. आपला रुपया तिथे चालणार नाही. डॉलर नेणार असाल तर शंभराच्या, नव्या छपाईच्या, घडी न पडलेल्या नोटा न्या. जुन्या, लहान चेहऱ्याच्या नोटांना भाव कमी देतात.

टॅक्सीत चालकाच्या सीटच्या मागे त्याचा फोटो आणि परवान्याचा क्रमांक असलेलं कार्ड लावलेलं असतं. बसल्याबसल्या त्याचा फोटो काढा. पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, त्यांच्याकडे तक्रार करायची झाली तर हाच क्रमांक कामाला येतो. फोटो काढताना चालक कुरकुरला तर गाडी सुटण्याआधीच उतरा. शहराच्या मध्यभागी दुसरी टॅक्सी लगेच मिळते.