रॅक बदलल्याचे 18,000 घेतले, रॅकला हातही लावला नव्हता

ज्यांचे आईवडील जुनी गाडी स्वतः गॅरेजला नेतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाबांची 2008 सालची डिझेल गाडी आहे, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची, म्हणजे पंपाने दाबलेलं ऑइल स्टिअरिंग वळवायला मदत करतं. आईला तपासणीसाठी सांगलीहून मिरजेला न्यायचं तर हीच गाडी. मध्यंतरी स्टिअरिंग अडकत अडकत जड येऊ लागलं, पूर्ण वळवलं की बॉनेटखालून घुंऽऽ आवाज यायचा. बाबा ती कोल्हापूर रोडवरच्या एका गॅरेजला घेऊन गेले.

तिथल्या मालकाने गाडी वर घेतली, रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणारा दांडा) रबरी बुटाची, म्हणजे टोकावरच्या रबरी आवरणाची, कड बोटाने ओढली आणि आतलं लालभडक ऑइल दाखवलं. "काका, रॅक गेलाय. चालत्या गाडीत स्टिअरिंग लॉक झालं तर? काकूंना घेऊन फिरता तुम्ही." रिकंडिशन्ड (दुरुस्त केलेला जुना) रॅक, ऑइल आणि मजुरी धरून 18,000 रुपये. सत्तरीच्या माणसाला बायकोच्या जिवाची भीती घातली, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे. भीतीही खोटी. ऑइलचं प्रेशर गेलं तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, पण स्टिअरिंगचा रॉड रॅकला जोडलेलाच असतो, चाकं वळतात.

नवीन ऑइल भरल्यावर आवाज थोडे दिवस दबला, मग पुन्हा सुरू झाला. तेव्हा मी बाबांनी पाठवलेले फोटो नीट पाहिले. गॅरेजला जायच्या सकाळी त्यांनी स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचा फोटो काढला होता. टाकीतलं ऑइल काळपट तपकिरी, वर फेस. आणि बुटातलं ऑइल मात्र बाटलीतून आत्ताच ओतल्यासारखं लाल! टाकी, पंप आणि रॅक यांत एकच ऑइल फिरतं. रॅक गळत असता तर बुटातही तेच काळं ऑइल दिसलं असतं.

मिरजेतल्या एका जुन्या फिटरकडे गाडी नेली. त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठेही अडकलं नाही, म्हणजे रॅक आणि चाकांकडचे सांधे (बॉल जॉइंट) जाम नव्हते. मग इंजिन चालू करून टाकीचं झाकण काढलं, तर ऑइलमध्ये बुडबुडे. "पंप हवा घेतोय," ते म्हणाले. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप कडक झाला होता, क्लिपही ढिली होती. या पाइपात प्रेशर नसतं, उलट पंप तिथून ओढतो, त्यामुळे बाहेर थेंबही न गळता हवा आत जाऊ शकते. पाइप, क्लिप आणि ऑइल बदलून हवा काढली, हजाराच्या आत काम झालं.

मग त्यांनी टॉर्च मारून रॅक दाखवला. वरून चंदेरी स्प्रे, पण बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिखल तसाच. टाय रॉडचे (रॅक चाकांना जोडणारे दांडे) नट गंजून बसलेले, त्यांना पाना लागल्याची खूणच नाही. रॅक उतरवायचा तर टाय रॉड सोडवावे लागतात आणि नंतर व्हील अलाइनमेंट करावी लागते. ती केल्याचा गॅरेजने दिलेल्या कच्च्या चिठ्ठीत उल्लेखच नव्हता.

तेव्हा स्टिअरिंग जड आलं तर आधी टायरची हवा बघा. मग पंप फिरवणारा बेल्ट, ढिला असेल तर वळवताना किंचाळतो. गॅरेजला जायच्या आधी टाकीतल्या ऑइलचा फोटो काढा आणि गळती दाखवली तर रंग ताडून बघा. जुना पार्ट गाडीतच ठेवायला सांगा. टाकीत झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल घाला. ब्रेक ऑइल पडलं तर सील फुगून खरोखरच रॅक जातो.

पक्कं बिल दिलं नव्हतं, पण पैसे यूपीआयने गेले होते आणि फोटोंवर तारखा आहेत. ते सगळं जोडून गॅरेजला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलंय. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करतोय, आणि पैसे परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या कायद्याने त्यासाठी 2 वर्षांची मुदत मिळते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. कुणाला असाच स्प्रे मारलेला रॅक मिळाला असेल तर तो धुण्याआधी फोटो काढून ठेवा.