छातीतलं पाणी: नुसती स्लाइड की सेल ब्लॉक?

बडोद्यात कुणाच्या छातीत पाणी झालं की घरचे आधी टीबीच धरून चालतात, आणि पुष्कळदा तो असतोही. पण विशेषतः एचआयव्ही असलेल्यांत एचएचव्ही-८ विषाणूचा एक दुर्मीळ लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) गाठ न करता पाण्यातच वाढतो.

पाणी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची स्लाइड लवकर होते, स्वस्त पडते. मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी दिसतात. त्या कुठल्या, हे मात्र ठरत नाही. सेल ब्लॉकसाठी पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून पातळ काप काढतात. त्या कापांवर लाना-१ची, म्हणजे एचएचव्ही-८च्या एका प्रथिनाची, तपासणी केली की हा लिम्फोमा असल्यास पेशींच्या केंद्रकात तपकिरी ठिपके उमटतात. सीडी-२० (बऱ्याच लिम्फोमांत सापडणारी पेशींवरची खूण) इथे बहुधा निगेटिव्ह येतं, तेवढ्यावरून लिम्फोमा नाही म्हणू नये. शंका असेल तर मी सेल ब्लॉकच करायला सांगेन, म्हणून काढलेलं पाणी सगळं टाकून देऊ नका.