सायक्लोमॅटिक की कॉग्निटिव्ह: कोड वाचायला सोपा हवा असेल तर कुठला आकडा लावायचा?

लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं टूल) बसवायचं ठरलं की कॉम्प्लेक्सिटीचा, म्हणजे फंक्शन किती गुंतागुंतीचं चालेल याचा नियम येतोच, आणि बहुतेक जण जो पहिला दिसेल तो ऑन करून मोकळे होतात. मग काही महिन्यांनी बघावं तर अर्ध्या फाइल्समधे "हा नियम इथे नको" अशा कमेंटी चिकटवलेल्या. त्यापेक्षा सायक्लोमॅटिक आणि कॉग्निटिव्ह, ही गुंतागुंत मोजायचे हे जे दोन आकडे आहेत, त्यांच्यातला फरक आधी बघून घ्या.

सायक्लोमॅटिक हा जुना गडी, थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली मांडलेला. हिशोब सोपाय, फंक्शनमधे जेवढे फाटे फुटतात, म्हणजे इफ, लूप, केस, बऱ्याच टूल्समधे अँड-ऑर पण, ते मोजायचे आणि वर १ मिळवायचा. १० ची मर्यादा पण त्यांचीच. कॉग्निटिव्ह सोनारसोर्सवाल्यांनी (सोनार हे कोड तपासायचं टूल बनवणारी कंपनी) आणला, तो फाटे मोजतोच पण एकाच्या पोटात दुसरा असेल तर दंड वाढवत नेतो, कारण वाचणाऱ्याला बाहेरच्या सगळ्या अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात.

आता समजा डिस्काउंट द्यायचं फंक्शन आहे: युजर आहे का, तो ॲक्टिव्ह आहे का, कार्टमधे काही आहे का. तीन इफ एकात एक लिहिले तर सायक्लोमॅटिक ४, कॉग्निटिव्ह १ + २ + ३ म्हणजे ६. तेच उलटं करा, युजर नसेल तर तिथेच रिटर्न, ॲक्टिव्ह नसेल तर रिटर्न, कार्ट रिकामं असेल तर रिटर्न, आणि खाली निवांत खरं काम. सायक्लोमॅटिक अजून ४ च! कॉग्निटिव्ह मात्र ३. वाचायला कुठलं सोपं ते सांगायला नको, पण जुन्या आकड्याला तो फरक दिसतच नाही.

स्विचमधे तर अजून मजा. महिन्याच्या नंबरवरून नाव देणारा १२ केसेसचा साधा स्विच सायक्लोमॅटिकमधे १३ होतो आणि १० च्या मर्यादेमुळे बिल्ड लाल (म्हणजे फेल), कॉग्निटिव्हमधे अख्खा स्विच फक्त १. (अशा ठिकाणी मर्यादा ओलांडली तर चालेल असं खुद्द मॅककेबनी पण म्हटलं होतं, टूलला ते कोण सांगणार.)

मग सायक्लोमॅटिक टाकून द्यायचा का? नाही. टेस्ट लिहिताना तोच कामाचा, कारण तो आकडा म्हणजे फंक्शनमधले एकमेकांपासून स्वतंत्र रस्ते, त्यामुळे ९ आला आणि टेस्ट दोनच असतील तर काहीतरी राहिलंय हे लगेच कळतं. शिवाय तो मिळतो पण सहज, जावास्क्रिप्टच्या इएसलिंट या लिंटरमधे बिल्ट-इन आहे, डिफॉल्ट मर्यादा २०, पायथनसाठी रफ या लिंटरमधे डिफॉल्ट १०. कॉग्निटिव्हसाठी सहसा सोनार किंवा एखादं प्लगिन लागतं, सोनारमधे बऱ्याच भाषांना डिफॉल्ट १५. मेंटेनेबिलिटी इंडेक्स नावाचा तिसरा पण आहे, ओळी वगैरे सगळं एकत्र घोटून एक आकडा देतो, पण नेमकं सुधारायचं काय ते त्यावरून कळत नाही, मी वापरत नाही.

आकडा कमी करताना मी एकदा चांगलाच फसलोय. २७ चं फंक्शन होतं, ते तोडून तीन केली, नावं काय तर प्रोसेस वन, टू, थ्री, आणि तेच सात व्हेरिएबल तिघांना पास. टूल हिरवं झालं पण वाचणारा तीन ठिकाणी उड्या मारतोय! तोडलेल्या तुकड्याला त्याच्या कामाचं धड नाव देता येत नसेल तर तोडू नका. त्यापेक्षा लवकर रिटर्न करा, लांबलचक अट वेगळ्या फंक्शनमधे काढून तिला नाव द्या, ट्रू-फॉल्स फ्लॅग घेऊन दोन कामं करणारं फंक्शन असेल तर त्याची दोन करा. आणि व्हेरिएबलचं नाव "टेम्प२" असेल तर ते दोन्ही आकड्यांना दिसत नाही, ते रिव्ह्यूमधेच पकडावं लागतं.

तर वाचनीयता हाच मुद्दा असेल तर कॉग्निटिव्ह १५ वर लावा. टेस्टिंग महत्त्वाचं असेल तर जोडीला सायक्लोमॅटिक, पण फक्त वॉर्निंग म्हणून, बिल्ड पाडायला नको. नवीन टूल बसवायची तयारी नसेल तर इएसलिंटमधेच नेस्टिंगच्या (एकाच्या पोटात दुसरा) खोलीचा वेगळा नियम आहे, तो ३ वर ठेवला तरी बरंच भागतं. जुना कोड असेल तर पहिल्या दिवशी सगळीकडे लावू नका, नवीन आणि बदललेल्या कोडपुरताच ठेवा. जुन्यातलं साफ करायचंच असेल तर गिटमधे सारखी बदलणारी फाइल आधी घ्या, ४० चं फंक्शन वर्षानुवर्षं कोणी उघडलंच नसेल तर ते राहू दे तसंच.