बॅटरीची इम्पॅक्ट गन घ्यायची, पण कुठली? खान्देशातल्या मिस्त्रींसाठी तुलना

सावद्याहून केळी भरून सुरतेकडे निघालेला ट्रक पारोळ्याच्या पुढे बसला होता. मागच्या जोडीतलं आतलं टायर गेलेलं, रात्रीचे अकरा वाजलेले. मी आणि माझा पोरगा पोचलो तेव्हा ड्रायव्हर आणि क्लीनर व्हीलपान्यात सहा फुटी पाइप घालून त्यावर उभे राहत होते. दहापैकी चार नट सुटले होते. पाचव्यावरून गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, घसरून पाइप क्लीनरच्या नडगीवर बसला होता. ड्रायव्हर शिरपूरकडचा, अहिराणीत एकच विचारत होता, ‘कितला येळ लागी, भाऊ?’ केळीच्या गाडीवाल्याच्या तोंडी हा प्रश्न किती जिव्हारी असतो, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. त्या रात्री माझ्या पेटीत बॅटरीवर चालणारी पाऊण इंची इम्पॅक्ट गन होती, म्हणजे फिरवता फिरवता ठोके मारून नट सोडवणारं यंत्र. उरलेले नट दोन मिनिटांत निघाले.

तेव्हापासून आजूबाजूचे गॅरेजवाले विचारतात, कुठली कंपनी घेऊ? मी उलटा विचारतो, दिवसभरात तू खोलतो काय? पंक्चरवाल्याची, ट्रॅक्टर मिस्त्रीची आणि हायवेच्या ट्रक मिस्त्रीची गन एक असू शकत नाही. नट पिळायचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. कारच्या चाकाचा नट शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटरच्या आत आवळलेला असतो. मोठ्या ट्रकच्या एम-२२ नटाला, म्हणजे ३२-३३ची गोटी बसते त्याला, साधारण ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण देतात. गाडीप्रमाणे नेमका आकडा बदलतो, तो कंपनीच्या पुस्तकात बघायचा. त्यावर दोन पावसाळ्यांचा गंज आणि काळ्या मातीचा थर चढला की सुटताना तोच नट दुप्पट जोर मागतो. गन निवडताना हा ‘सुटताना’चा हिशेब धरायचा.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर मोठ्या अक्षरात एक आकडा असतो आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. पण आकडे दोन असतात. एक आवळायचा आणि दुसरा जाम नट फोडायचा, म्हणजे सैल करायचा, आणि दुसरा नेहमी मोठा. एक कंपनी पहिला आकडा पुढे करते, दुसरी दुसरा, आणि दुकानदार दोन्ही खोकी शेजारी ठेवून ‘ही जास्त ताकदीची’ म्हणून मोकळा होतो. त्यात एकीवर फूट-पाउंड आणि दुसरीवर न्यूटन-मीटर असेल तर घोळ आणखी वाढतो. फूट-पाउंडला १.३५६ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. १००० फूट-पाउंड म्हणजे १३५६ न्यूटन-मीटर.

एकाच मापात मांडलं तर आपल्या कामाच्या गन अशा दिसतात. आकडे कंपन्यांनीच जाहीर केलेले आहेत, न्यूटन-मीटरमध्ये. चौकोन म्हणजे गनचं चौकोनी टोक, ज्यावर गोटी बसते.

| गन | चौकोन | आवळताना | फोडताना |
|---|---|---|---|
| मकिटा डीटीडब्ल्यू ७०० | अर्धा इंच | ७०० | १००० |
| मकिटा डीटीडब्ल्यू १००२ | अर्धा इंच | १००० | १६०० |
| मकिटा डीटीडब्ल्यू १००१ | पाऊण इंच | १०५० | १७०० |
| बॉश जीडीएस १८व्ही-१००० | अर्धा इंच | १००० | १६०० |
| बॉश जीडीएस १८व्ही-१०५० एच | पाऊण इंच | १०५० | १७०० |
| डीवॉल्ट डीसीएफ ८९९ | अर्धा इंच | ९५० | १६२५ |
| डीवॉल्ट डीसीएफ ९०० | अर्धा इंच | १३९६ | १८९८ |
| मिलवॉकी एम१८ फ्युएल २७६७ | अर्धा इंच | १३५६ | १८९८ |

फोडायचा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही. त्यामुळे १६०० आणि १६२५मध्ये फरक शोधत बसू नका, हातात तो कळणारही नाही. १००० आणि १६०० यातला फरक मात्र ट्रकच्या पहिल्याच चाकावर कळतो.

अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण म्हणजे सहा. ट्रकसाठी मी सहा सुतीवर अडून बसतो ते दोन कारणांनी. अर्धा इंची चौकोनावर ३३ची गोटी आणि लांब एक्स्टेन्शन लावलं की एक्स्टेन्शन दर ठोक्याला थोडं पिळवटतं आणि बराच जोर तिथेच जिरतो. शिवाय रोज साठ-साठ नट खोलले तर अर्धा इंची चौकोनाचे कोपरे लवकर गोल होतात. पाऊण इंची जाड असतो, ठोका सरळ नटावर पोचतो. गोटी इम्पॅक्टचीच हवी, काळी, क्रोम-मॉलिब्डेनमची. चकचकीत हातपान्याची गोटी गनला लावू नका. तिचा तुकडा उडाला तर डोळा जाऊ शकतो.

बॅटरी आणि आपलं ऊन

गन घेऊन पस्तावायचं नसेल तर हा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात.

१८ व्होल्ट आणि २० व्होल्ट यात फरक नसतो. आत पाच सेल एका रांगेत. प्रत्येकाचे ३.६ धरले तर १८ होतात, पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४ धरले तर २०. डीवॉल्टची तीच गन एका देशात १८ म्हणून विकली जाते, दुसऱ्यात २० म्हणून. ‘वीसवाली घ्या, दोन व्होल्ट जास्त’ असं कुणी सांगितलं तर पुढच्या दुकानात चला.

अॅम्पिअर-अवर (एएच), म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, मात्र खरंच मोजायचे. २ एएचच्या छोट्या बॅटरीत पाच सेल असतात, ५ एएचच्या बॅटरीत साधारणपणे दहा, दोन रांगांत. जाम नटावर गन खूप करंट खेचते. दहा सेलमध्ये तो वाटला जातो, पाचच असले की दाब पडतो, गन मऊ पडते आणि बॅटरी तापते. मोठी गन छोट्या बॅटरीवर चालवणं म्हणजे बैलगाडीला वासरू जुंपणं. हेवी कामाला ५ एएचच्या खाली जाऊ नका, आणि दोन घ्या.

आता ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. मकिटाच्या पुस्तकात चार्जिंग १० ते ४० अंशांत करा असं लिहिलंय, डीवॉल्टही ४०च्या वर चार्ज करू नका म्हणतं. म्हणजे आपल्या दुपारी बॅटरी चार्जिंगला लावायच्या लायकीचीच नसते. चांगला चार्जर अशा वेळी दिवा लुकलुकवतो आणि बॅटरी थंड होईपर्यंत करंटच देत नाही. पोरांना वाटतं चार्जर बिघडला. साध्या चार्जरला ही समज नसते, तो तापलेल्या बॅटरीत करंट ढकलत राहतो. माझी पहिली गन स्वस्तातली होती, नाव घेत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तिची बॅटरी फुगली आणि गनमधून निघेना. सुदैवाने पेटली नाही. गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर, दोन चाकं काढलेली आणि हातात मेलेली गन. त्या दिवसाची लाज अजून आठवते.

म्हणून मकिटाच्या डीसी १८ आरसी चार्जरबद्दल मला विशेष आपुलकी आहे. त्यात पंखा आहे, तो बॅटरीच्या आतून हवा खेळवतो आणि ५ एएचची बॅटरी साधारण ४५ मिनिटांत भरते. उरलेल्यांना मी वाईट म्हणत नाही, पण खान्देशात या पंख्याची किंमत पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे. चार्जर कुठलाही असो, चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. कामावरून आलेली बॅटरी अर्धा तास घरातल्या फरशीवर सावलीत ठेवा, मग लावा. गाडीच्या काचेखाली उन्हात बॅटरी ठेवू नका आणि लवकर थंड व्हावी म्हणून फ्रिजमध्येही टाकू नका.

एकेका कंपनीबद्दल

मकिटा आणि बॉशचे पाऊण इंची आकडे सारखेच आहेत, तेव्हा त्यांत ताकदीवरून भांडण नाही. तुमच्या गॅरेजात आधीपासून काय आहे ते बघा. बॉशचा निळा ग्राइंडर किंवा ड्रिल १८ व्होल्टचा असेल तर त्याचीच बॅटरी गनला बसते आणि गनचं निव्वळ अंग घेऊन भागतं. पण बॉशच्या हिरव्या, घरगुती यंत्रांची बॅटरी निळ्याला बसत नाही. मकिटाच्या ४० व्होल्ट गटाची बॅटरीही १८च्या गनला बसत नाही. दोन गटांत पाय ठेवू नका. दोन जातींचे चार्जर आणि चार जातींच्या बॅटऱ्या सांभाळताना पोरांचा अर्धा दिवस जातो.

मकिटाची ७०० मला ट्रॅक्टर आणि पिकअपच्या गॅरेजसाठी पटते. १००१पेक्षा हलकी आणि आखूड, मडगार्डच्या आत हात घालून चालवता येते. जोराचे चार टप्पे आहेत, आणि उलट फिरवताना नट सुटला की आपोआप थांबायची सोय आहे, म्हणजे नट गोटीतून उडून धुळीत जात नाही. चोपडा-यावल भागात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पिकअप एवढंच काम असेल तर जड गन उचलून खांदा कशाला दुखवायचा? ट्रकच्या गंजलेल्या नटापुढे मात्र तिचे १००० अपुरे पडतात. त्या कामाला ती नको.

डीवॉल्टची ८९९ मिश्र गॅरेजची गन आहे. सकाळी स्विफ्ट, दुपारी बोलेरो, संध्याकाळी आयशर असं ज्यांचं चालतं त्यांनी हिचा विचार करावा. वेगाचे तीन टप्पे आहेत, आणि पहिल्या टप्प्यावर नट बोटाने लावल्यासारखा सावकाश बसतो. नावापुढचं अक्षर बघून घ्या. ८९९ एच असेल तर चौकोनावर रिंग असते, गोटी ओढली की निघते. एच नसेल तर आत दाबायची पिन असते, गोटी घट्ट धरते पण काढायला खिळा शोधावा लागतो. दिवसात वीसदा गोटी बदलणाऱ्याने रिंगच घ्यावी. पाऊण इंची चौकोनाची ८९७ आहे, तिची ताकद ८९९एवढीच. ९०० आकड्यांनी मोठी आणि लांबीला आखूड आहे. हातात धरून बघा, अर्धा इंचीत मला ती आवडते.

मिलवॉकी कागदावर ९००च्या तोडीची आहे आणि जगभरचे मिस्त्री तिच्यावर जीव टाकतात. आमच्यासारख्यांनी घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारावी. ट्रिगरचा स्विच गेला तर तो बसवणार कोण, किती दिवसांत, आणि गन कुठल्या गावाला पाठवायची? हे लेखी मिळालं तर बेशक घ्या. नुसतं ‘होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर थांबा. हाच प्रश्न बाकीच्या कंपन्यांच्या विक्रेत्यालाही विचारायचा.

इंगरसोल रँडची हवेची गन आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. त्यांची बॅटरीवाली अर्धा इंची डब्ल्यू ७१५२ नट फोडताना १५०० फूट-पाउंड सांगते, म्हणजे दोन हजार न्यूटन-मीटरच्या वर. दमदार आहे, पण बॅटरी इंगरसोलच्याच यंत्रांपुरती राहते. हायकोकी म्हणजे पूर्वीची हिताची कोकी, २०१८मध्ये नाव बदललं. तिची मल्टी-व्होल्ट बॅटरी ३६ व्होल्टच्या यंत्रात ३६ देते आणि १८च्या यंत्रात १८. हिताचीचा जुना ग्राइंडर १८ व्होल्टचा असेल तर चौकशी करायला हरकत नाही.

स्वस्त चिनी गनबद्दल मी कडवट नाही. नवीन पंक्चरवाल्याला कार आणि रिक्षाच्या चाकांसाठी ती चालून जाते. तिच्यावरच्या आकड्यावर ट्रकचं काम घेऊ नका, एवढंच.

काउंटरवर

दोन भावांत तीच गन दिसली तर आधी नावाची शेवटची अक्षरं वाचा. मकिटाला ‘झेड’ असेल तर नुसतं अंग, बॅटरी-चार्जर नाही. ‘आरटीजे’ असेल तर दोन ५ एएच बॅटऱ्या, चार्जर आणि पेटी. डीवॉल्टला ‘एन’ म्हणजे नुसतं अंग, ‘पी२’ म्हणजे दोन ५ एएच बॅटऱ्या. इंटरनेटवर स्वस्त दिसलेली गन बहुतेकदा झेड किंवा एन निघते आणि मग बॅटरीला तेवढेच पैसे पुन्हा जातात. नकली माल दोन्ही कंपन्यांच्या नावाने फिरतो, बॅटऱ्या तर फारच. नेहमीच्या भावाच्या अर्ध्यात मिळत असेल तर ती नकली धरूनच चाला. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि गनचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या.

आणि गन कुठलीही आणा, शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजून देणाऱ्या पान्यानेच द्या. माझ्याकडच्या एका शिकाऊ पोराने ट्रिगर सोडलाच नाही, ट्रकचा स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, मुळातून तुटला. ती गाडी हबपर्यंत खोलावी लागली. आता आमच्याकडे आवळताना पहिला टप्पा, गनचा दुसरा-तिसरा ठोका ऐकू आला की हात काढायचा आणि पुढे पाना.

मला विचाराल तर हायवेच्या कडेला ट्रकचं गॅरेज असलेल्याने मकिटा १००१ घ्यावी, आणि बॉशच्या निळ्या बॅटऱ्या आधीच असतील तर १०५० एच. मिश्र गॅरेजने डीवॉल्ट ८९९ एच, हात मोकळा असेल तर ९००. ट्रॅक्टर-पिकअपवाल्याने मकिटा ७००. दुकानात जाताना आपली ३३ची गोटी खिशात घेऊन जा, दुकानासमोर उभ्या असलेल्या एखाद्या ट्रकवाल्याला विनंती करा आणि त्याच्या चाकाचा एक नट खोलून परत लावून दाखवा, असं दुकानदाराला म्हणा. विकायला तयार असलेला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.