डोळे लाल होतात? महिन्याची कॉन्टॅक्ट लेन्स की रोजची?

आधी लाली कुठली ते बघा. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढुरका ठिपका असेल, तर तुलना राहू द्या. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना लेन्स आणि डबी घेऊन जा, कधीकधी त्यातलेच जंतू तपासावे लागतात. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात टाकू नका. लाली उतरते, पण बुरशीचा संसर्ग असला तर तो आत वाढत राहतो.

दुसरी लाली खाजरी. सकाळी तारेसारखी चिकट चिपडं, संध्याकाळी लेन्स वर सरकते. माझी वरची पापणी उलटून डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला होता: आत बारीक पुळ्यांची खरखरीत रांग. लेन्सवर साचलेल्या प्रथिनांनी आणि कडेच्या घर्षणाने हे होतं. महिन्याची (एकच जोडी महिनाभर) की रोजची (एकदा घालून टाकून द्यायची), हा प्रश्न खरा इथला.

महिन्याची लेन्स रोज वापरणाऱ्याला स्वस्त पडते, पण कष्ट घेते. रोज रात्री बोटाने चोळायची, डबीतलं जुनं सोल्यूशन ओतून नवं घालायचं (वरून भर घालणं नाही), डबी तीन महिन्यांत टाकायची आणि नळाचं पाणी कधीच लावायचं नाही, कारण त्यात अकँथामीबा, म्हणजे बुबुळाला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव, असू शकतो. महिना मोजायचा तो पाकीट फोडल्यापासून. घातली नाही ते दिवसही त्यात धरायचे.

रोजच्या लेन्समध्ये डबी नाही, सोल्यूशन नाही, थर साचायला वेळ नाही. पापणीत पुळ्या असतील तर मी हीच घेईन. आठवड्यातून दोन-तीनदाच घालणाऱ्याला खर्चही फार जाणवत नाही. मात्र सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर पर्याय कमी मिळतात. आणि 'आज दोनच तास घातली' म्हणून तीच उद्या घालायचा मोह होत असेल, तर पैसे फुकट.

महिन्याचीच परवडत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन विचारा. त्यात डोळ्याला खुपू शकणारं प्रिझर्वेटिव्ह नसतं. पण लेन्स त्यात, त्याच्याच खास डबीत, निदान सहा तास ठेवावी लागते. त्याआधी ते सोल्यूशन डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं.

झोपताना दोन्ही काढायच्याच.

बजेटमध्ये एक गोष्ट राहून जाते: चालू नंबरचा चष्मा. डोळा लाल असताना लेन्स बंद ठेवावी लागते, आणि चष्मा चार वर्षांपूर्वीच्या नंबरचा असला की माणूस लाल डोळ्यातही लेन्स घालून ऑफिस गाठतो.