बर्फ वितळल्यावरचा वॉलआय आणि हलका रॉड-रीळ सेट : मे ते ऑक्टोबर वापरानंतर

वॉलआय हा गोड्या पाण्यातला खायचा मासा. हा अनुभव त्याच्या गळाच्या मासेमारीचा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तलावांवरचा आहे, आणि त्यातही जास्त करून मे महिन्याचा. सेट असा: ६ फूट ८ इंची, मीडियम-लाइट (जरा हलक्या ताकदीचा), फास्ट ॲक्शनचा (फक्त टोकाशी वाकणारा) कार्बन रॉड (१/१६ ते ३/८ औंस वजनाच्या जिगसाठी; जिग म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, त्याला आमिषाची मासोळी टोचतात), २५०० मापाचं स्पिनिंग रीळ, त्यावर १० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, आणि पुढे ६ पौंडी फ्लुरोकार्बनचा (पारदर्शक एकपदरी लाइनचा) तीन-चार फुटांचा लीडर, म्हणजे जिगला बांधायचा शेवटचा तुकडा. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच मापाचे सेट बऱ्याच कंपन्या विकतात आणि खालचे गुणदोष कंपनीपेक्षा मापाचे आणि लाइनचे आहेत.

थोडक्यात निकाल हवा असेल तर: रॉड उत्तम, रीळ ठीक पण थंडीसाठी आधी उघडून साफ करावं लागतं, आणि ब्रेड हवामान बघून वापरायची गोष्ट आहे. मे महिन्यात मासा हुकतो तो बहुतेक वेळा लाइनमुळे, रॉडमुळे नाही.

आधी मे महिना वेगळा का, ते. मिनेसोटात वॉलआयचा मोसम मेमोरियल डेच्या वीकेंडच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी उघडतो. तारीख कायद्याने ठरलेली, तलाव मात्र कोणाचं ऐकत नाही. २०१३ साली ओपनरला (मोसमाच्या या पहिल्या दिवशी) मिल लॅक्स तलावावर बर्फ होता. २०१८ मध्ये मिनेटोंका तलावावरचा बर्फ ५ मेला गेला, म्हणजे ओपनरच्या जेमतेम आठवडाभर आधी. २०२४ मध्ये तोच तलाव मार्चच्या मध्याला मोकळा झाला. वॉलआय अंडी घालतो ते पाणी साधारण ४२ ते ५० फॅरनहाइटला आल्यावर, उथळ गोट्यांच्या किनाऱ्यावर किंवा ओढ्या-नद्यांच्या मुखाशी. त्यामुळे ओपनरच्या दिवशी मासा अंडी घालत असेल, घालून थकून पडला असेल किंवा सावरून खायला लागला असेल, हे कॅलेंडर सांगत नाही, थर्मामीटर सांगतो. ४५ अंशांच्या पाण्यात नर उथळातच घुटमळतात, थोराड माद्या मात्र अंडी घालून बाजूला झालेल्या असतात आणि काही दिवस तोंड उघडत नाहीत. पन्नाशी ओलांडली की शायनर मासोळ्या किनाऱ्याकडे सरकायला लागतात आणि त्यांच्यामागे वॉलआय. सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) महाग वाटत असेल तर निदान दोरीला बांधलेला थर्मामीटर तरी जवळ हवाच.

आता रॉड. थंड पाण्यातला वॉलआय जिग गिळून पळत नाही. तो तोंड उघडून पाण्यासकट ओढतो आणि तिथेच थांबतो. हाताला कधी बारीकशी 'टक' लागते, कधी नुसतं जिग जड झाल्यासारखं वाटतं, तळाच्या शेवाळात अडकल्यासारखं. मीडियम पॉवरच्या रॉडवर हा फरक हरवतो. या रॉडचं टोक १/८ औंसच्या जिगखाली नीट बोलतं: गोटा, वाळू, शेवाळ आणि मासा वेगळे कळतात. १/१६ औंसही समजतं, पण वारा पडलेला असेल आणि पाणी सात-आठ फुटांपर्यंत असेल तरच. ३/८ कागदावर मर्यादेत असलं तरी टोक आधीच वाकून राहतं आणि सगळी संवेदना जाते. १/४ ही खरी वरची हद्द समजा.

झटका मारायची घाई या सेटवर महागात पडते. जड वाटलं की टोक पाण्याकडे फूटभर खाली सोडायचं, एक-दोन सेकंद थांबायचं, मग मनगटाने उचलायचं. ब्रेड ताणून लांबत नसल्यामुळे मोठ्या झटक्याची गरजच नाही. जोरात ओढलं तर ओठ फाटतो किंवा जिग नुसतं तोंडातून निसटतं. तरीही निम्मी मासोळी तुटून येत असेल तर मासा मागून धरतोय. तेव्हा जिगला दोन-तीन इंची धाग्यावर १० किंवा १२ नंबरचा छोटा तिहेरी गळ जोडा. पाणगवताच्या काठाशी मात्र तो काढा, नाहीतर दर फेकीला गवत घेऊन येईल.

आमिषाबद्दल एवढंच: ५० अंशांखाली शायनर किंवा फॅटहेड या आमिषाच्या मासोळ्या. लीच (जळू) थंड पाण्यात गोळा होऊन बसते आणि मग तिचा काही उपयोग नाही. गळ शायनरच्या तोंडातून कल्ल्याबाहेर काढून मग तिच्या पाठीत टोचला की ती फेकताना निसटत नाही. फॅटहेड दोन्ही ओठांतून खालून वर. शायनर नाजूक, बादलीतलं पाणी उन्हाने कोमट झालं की दुपारपर्यंत निम्म्या मरून उलट्या तरंगतात. आणि निघताना तलावाचं पाणी ओतून बादलीत नळाचं किंवा बाटलीचं पाणी भरायचं, बोटीच्या तळाचे बूच काढूनच रस्त्याला लागायचं. झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून हा कायदाच आहे.

या शिंपल्यांमुळेच लीडरबद्दल जरा सविस्तर. मिल लॅक्स आणि मिनेटोंका दोन्हीकडे ते आहेत. गोट्यांवर त्यांच्या धारदार कडा असतात आणि ब्रेड त्यावर एकदा घासली तरी धागे सुटतात. फ्लुरोकार्बन घासायला बरं, पण त्यावरही चरे पडतात. दर थोड्या वेळाने शेवटचा हातभर भाग नखाखालून ओढून बघा, खरखरीत लागला की कापून जिग पुन्हा बांधा. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी गाठ पुरते: ब्रेडच्या बाजूने आठ वेढे, फ्लुरोच्या बाजूने चार-पाच, आणि आवळण्याआधी ओली करायची. थंडीत बधिर बोटांनी एफजी ही जास्त किचकट गाठ मारणं हा हौसेचा भाग आहे. लीडर चार फुटांहून लांब ठेवला तर गाठ रॉडच्या टोकातून आत येते आणि लाइन ज्यातून जाते त्या बारीक कड्यांत अडकून फेक तोकडी पडते.

आता ब्रेडची खरी तक्रार. १० पौंडी ब्रेड जाडीला जवळपास दोन पौंडी मोनोइतकी (मोनो म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची लाइन). त्यामुळे जिग झपकन तळाला जातं आणि टोच नीट कळते. पण ती विणलेली असते आणि विणीत पाणी धरते. पहाटे हवा ३२ अंशांखाली असली की ते पाणी टोकाच्या कड्यांत गोठतं. कड्यात बर्फाचा मणी तयार झाला की फेक अर्ध्यात अडते, आणि जोर लावला तर कड्यातली सिरॅमिक रिंग तडकते. ती फट डोळ्याला दिसत नाही, पुढच्या महिन्यात मात्र लाइन कुरतडते. बर्फ नखाने खरवडू नका, टोक पाण्यात बुडवा. पाणी चाळिशीत असतं, अर्ध्या मिनिटात बर्फ सुटतो. कड्यांना आधीच ओठांना लावायचा मेणाचा बाम चोपडला की तासभर तरी सुटका. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे जास्तीचं स्पूल (रिळाची लाइन गुंडाळायची फिरकी) ६ पौंडी मोनोने भरून ठेवायचं आणि गोठणाऱ्या पहाटे तेच लावायचं. संवेदना थोडी कमी होते, पण फेक तरी होते. दुकानदार सेटबरोबर जास्तीचं स्पूल देत असेल तर दहा-पंधरा डॉलर जास्त गेले तरी घ्या.

दुसरी तक्रार वाऱ्याची. हलकं जिग, हलकी लाइन आणि पंधरा-वीस मैलांचा वारा जमले की ब्रेडची सैल वळी स्पूलवर चढतात आणि पुढच्या फेकीला पन्नास फुटांवर गुंता उडतो. याची कारणं तीन. स्पूल काठोकाठ भरलेलं असतं. काठापासून ३ मिलिमीटर जागा सोडा. बेल (लाइन स्पूलवर घेणारी तारेची कमान) हँडल फिरवून बंद केला जातो. हाताने बंद करा आणि पहिला वेढा घेण्याआधी लाइन ताणून घ्या. आणि जिग गुंडाळताना गरगर फिरतं, लाइनला पीळ पडतो. मासोळी तिरकी टोचली गेली असेल तर असंच होतं. स्पूलवर तळाला आठ-दहा मीटर मोनो न घालता थेट ब्रेड बांधली तर मोठ्या माशाच्या ओढीने पूर्ण लाइन स्पूलवर घसरते आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ठरावीक ताणावर लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडल्यासारखा वाटतो. बिघाड ड्रॅगचा नसतो.

रिळाला कारखान्यातून येणारं ग्रीस दाट असतं. सत्तर अंशांत ते मखमली वाटतं, पस्तीसला हँडल जड होतं. त्याहून वाईट म्हणजे उलट फिरणं थांबवणारा रोलर क्लच घसरतो: मासा ओढताना हँडल एकदम मागे फिरतं आणि मिळवलेली लाइन जाते. रीळ सदोष नसतं, क्लचमध्ये ग्रीस शिरलेलं असतं. रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) काढून क्लच अल्कोहोलने पुसा, अगदी पातळ तेलाचा पुसटसा हात द्या, ग्रीस अजिबात नको. गिअरला पातळ सिंथेटिक ग्रीस, लाइन रोलरला तेलाचा एक थेंब. अर्ध्या तासाचं काम, पण ओपनरच्या आदल्या रात्री सुरू करू नका; त्यातली बारीक स्प्रिंग उडून गालिच्यात गेली तर संपलं. हे केल्यावर ऑक्टोबरपर्यंत रिळाने पुन्हा कुरकुर केली नाही.

ड्रॅग किती ठेवायचा? लीडर ६ पौंडी, त्याचा पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे दीड ते दोन पौंड. लटकवायच्या वजनकाट्याने मोजा. अंदाजाने आवळलेला ड्रॅग बहुतेकदा दुप्पट असतो. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे बोटीजवळ मासा डोकं झटकतो तेव्हा चूक माफ होत नाही.

हवामानाबद्दल एक गोष्ट इथे नवख्यांना उलटी वाटते. स्वच्छ ऊन, निळं आकाश, आरशासारखं पाणी हा वॉलआयसाठी वाईट दिवस. त्याच्या डोळ्यांत अंधारात बघण्यासाठी प्रकाश परतवणारा थर असतो. ढगाळ आभाळ आणि लाटांचा चुरा असला की तो उथळात येऊन खातो. म्हणून दहा-पंधरा मैलांचा वारा ज्या किनाऱ्यावर आपटतो तिथे सहा ते दहा फुटांत सुरुवात करा, आडोशाच्या शांत बाजूला नाही. थंड वाऱ्याची लाट येऊन गेली की दुसऱ्या दिवशी मासा तळाला चिकटतो. तेव्हा जिग उड्या मारायला लावू नका. १/८ वरून १/१६ वर या, लहान मासोळी लावा आणि तळावरून नुसतं सरकवा. बोट वाऱ्याने ताशी एक मैलाच्या वर वाहत असेल तर जिग तळ सोडतं. तीस इंची ड्रिफ्ट सॉक (बोटीचा वेग कमी करणारी, पाण्यात ओढायची कापडी पिशवी) टाका, किंवा १/४ लावा आणि टोक पाण्याजवळ ठेवा, म्हणजे लाइनला वाऱ्याची झोळी पडणार नाही.

लाटांना पांढरे शेंडे दिसायला लागले की पंधरा-सोळा फुटी बोटीने मिल लॅक्ससारख्या उघड्या पाण्यावर राहू नये. ४५ अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय काम सोडतात. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवायची वस्तू नाही. फुगणारं असेल तर ते जाड कोटाच्या वरून घाला. कोटाच्या आत फुगलं तर छातीच आवळली जाते.

जूननंतर या सेटचा उपयोग बदलतो. लीच आणि लिंडी रिग (तळावर सरकणारं वजन आणि मागे आमिषाचा गळ) ओढायला तो छान चालतो. स्लिप बॉबरला (लाइनवर सरकणाऱ्या तरंगाला) सात फुटांचा रॉड बरा, कारण खोलातून सैल लाइन उचलायला उंची लागते. इथे चार इंच कमी पडतात. क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) चालत्या बोटीमागे ओढायला हा रॉड घेऊ नका, टोक सतत कमानीत राहतं. पाणगवतातल्या बास माशासाठीही नाही. नॉर्दर्न पाइक हा धारदार दातांचा मासा लीडर कातरतो, त्याला इलाज नाही: तारेचा लीडर लावला तर वॉलआयच्या टोचा कमी होतात. जिगं जास्तीची ठेवा.

खायला १५ ते १८ इंचांचा मासा सर्वांत चांगला. मांस पांढरं, काटा कमी, रव्यात घोळून तव्यावर उत्तम होतो. मोठ्या माशात पारा जास्त साठतो आणि अंडीही मोठ्या माद्याच जास्त घालतात, त्यामुळे त्या सोडलेल्या बऱ्या. किती आणि कोणत्या मापाचे ठेवायचे ते तलावागणिक बदलतं, मिल लॅक्सचे नियम तर वेगळेच असतात; त्या वर्षीची पुस्तिका बघूनच जा.

झीज म्हणाल तर कॉर्कच्या मुठीला दोन खड्डे, टोकापासून दुसऱ्या कड्याची रिंग एकदा बदलावी लागली. कड्यात तडा आहे का ते बघायला कापसाचा बोळा आतून फिरवा. धागा अडकला तर तडा. जिग कड्यात अडकवून रॉड बोटीत टाकण्याची सवय हेच बहुतेक वेळा त्याचं कारण, मुठीजवळचा हुक-कीपर त्यासाठीच दिलेला असतो. कार्बनवर जिग आपटत राहिलं तरी बारीक चरा पडतो आणि रॉड तिथेच, मासा लागलेला असताना मोडतो. हिवाळ्यात ठेवताना ड्रॅगची चकती पूर्ण सैल करा, नाहीतर वॉशर दबून बसतात आणि पुढच्या मेमध्ये ड्रॅग झटके देत सुटतो.