डेबियन १३ 'ट्रिक्सी': अपग्रेड जरूर करा, पण आधी /बूट तपासा

डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १३ वी आवृत्ती 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ ला आली. लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२, ग्नोम ४८, केडीई प्लाझ्मा ६.३, एक्सएफसीई ४.२०, पायथन ३.१३, पीएचपी ८.४, पोस्टग्रेस १७, एकूण जवळपास ७० हजार पॅकेजेस. यादी मोठी आहे, पण डेबियन कोणी यादीसाठी वापरत नाही. एकदा बसवलं की पाच वर्षं त्रास नको, यासाठी वापरतात. त्या कसोटीवर ही आवृत्ती उतरते. मात्र १२ वरून १३ वर येताना काही बदल असे आहेत की ते माहीत नसतील तर चालता सर्व्हर अडतो, आणि एक तर असा की काही अडत नाही, नुसती सुरक्षा कमी होते.

सर्वात आधी मशीन ३२ बिटवर आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' दिल्यावर 'आय३८६' असं उत्तर आलं, तर अपग्रेड करू नका. ट्रिक्सीत आय३८६ साठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. जुन्या ३२ बिट प्रोग्रामना ६४ बिट मशीनवर चालता यावं एवढ्यापुरतीच ती पॅकेजेस ठेवली आहेत. पुष्कळदा प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि वर्षानुवर्षं सिस्टिम तेवढी ३२ बिटची चाललेली असते. 'एलएससीपीयू'च्या उत्तरात '६४-बिट' दिसलं, तर डेटाचा बॅकअप घेऊन एएमडी६४ (६४ बिट) ची नवी सिस्टिम बसवा. शाळांच्या लॅबमधल्या जुन्या मशीनसाठी हा एक दिवस घालवण्यासारखा आहे.

दुसरी अडचण /बूटची, म्हणजे कर्नल आणि मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइली जिथे असतात त्या पार्टिशनची. डेबियन १० किंवा त्याआधी बसवलेल्या मशीनवर हे पार्टिशन हमखास लहान असतं. आता ते निदान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळी जागा हवी, कारण कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगलेत. जागा कमी पडली की इनिट्रामएफएस (मशीन सुरू होताना लागणारी फाइल) तयार होता होता अपग्रेड मध्येच थांबतं. 'डीएफ -एच /बूट' बघा, जुने कर्नल काढा, तरीही जागा होत नसेल तर पार्टिशन वाढवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अपग्रेड एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून, करणार असाल तर डेबियन १२ आधी पूर्ण अद्ययावत करा. ओपनएसएसएच सर्व्हरचं पॅकेज '९.२पी१-२+डेब१२यू७' किंवा त्यापुढचं असायला हवं. त्याहून जुनं असलं आणि अपग्रेड चालू असताना कनेक्शन तुटलं, तर पुन्हा आत शिरता येत नाही. सगळं काम टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी ते चालू राहतं.

प्रत्यक्ष क्रम साधा आहे, तो ॲप्ट या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने होतो. बॅकपोर्ट (जुन्या डेबियनसाठी आणलेली नवी पॅकेजेस) आणि बाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजेसची कोठारं) बंद करा, 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड'ने अडकवून ठेवलेली पॅकेजेस बघा, सोर्सेसमध्ये (रेपॉझिटरींच्या यादीत) बुकवर्म, म्हणजे डेबियन १२, च्या जागी ट्रिक्सी लिहा. मग 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', आणि शेवटी 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. मधली पायरी बरेच जण गाळतात. ती अपग्रेड दोन टप्प्यांत विभागते, म्हणून नको ती पॅकेजेस एकदम निघून जाण्याचा धोका कमी होतो. रीबूट करून सगळं नीट चाललं की 'ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस' द्या, सोर्सेसची फाइल नव्या पद्धतीत बदलून मिळते. ॲप्ट ३.० स्वतः फार सुधारलं आहे. काय येणार आणि काय निघणार ते रंगांत, रकान्यांत दिसतं. निघणाऱ्यांची यादी लाल असते, ती वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.

रीबूटनंतर /टेम्प हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर रॅममध्ये गेलेलं दिसेल. त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. ४ जीबीच्या मशीनवर कोणी ३ जीबीची आयएसओ किंवा डेटाबेसचा डंप तिथे टाकला, तर डिस्क रिकामी असूनही 'जागा नाही' असा एरर येतो. मोठ्या फाइलींसाठी /व्हार/टेम्प वापरा. जुनीच पद्धत हवी असेल तर 'सिस्टिमसीटीएल मास्क टेम्प.माउंट' देऊन रीबूट करा. नव्याने बसवलेल्या सिस्टिमवर /टेम्पमधल्या फाइली १० दिवसांनी आणि /व्हार/टेम्पमधल्या ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, म्हणून /व्हार/टेम्पलासुद्धा कायमचं कोठार समजू नका.

आता तो गुपचूप होणारा बदल. /ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ ही कर्नलच्या सेटिंगची फाइल आता वाचलीच जात नाही. पुष्कळ ॲडमिन नेटवर्कच्या सुरक्षेच्या सेटिंग तिथेच लिहितात. अपग्रेडनंतर ती फाइल जागेवर असते, ओळी तशाच असतात, एररही येत नाही, फक्त त्या लागू होत नाहीत. त्या ओळी /ईटीसी/सिससीटीएल.डी मध्ये '.कॉन्फ'ने संपणाऱ्या नावाच्या फाइलीत हलवा आणि 'सिससीटीएल'ने किंमत प्रत्यक्ष वाचून खात्री करा. या आवृत्तीबद्दल आमची सर्वात मोठी तक्रार हीच आहे. अपग्रेडच्या वेळी पडद्यावर ठळक इशारा यायला हवा होता.

'लास्ट' आणि 'लास्टलॉग' या लॉगिनच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडही मिळणार नाहीत. त्यांच्या नोंदी १९ जानेवारी २०३८ च्या पुढची वेळ मांडू शकत नव्हत्या. त्याऐवजी 'डब्ल्यूटीएमपीडीबी' आणि 'लास्टलॉग२' बसवा. वेळेचा आकडा ६४ बिटचा करण्याचं काम या आवृत्तीत आय३८६ सोडून सगळीकडे झालं, आणि ते फार मोठं काम आहे.

डेबियन संथ आहे, ही तक्रार जुनी. मार्च २०२४ मध्ये त्या संथपणाची किंमत कळली. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मागचं दार घुसवलं होतं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने ते पकडलं. तेव्हा तयार होत असलेल्या ट्रिक्सीत ते पोचलं होतं आणि मागे घ्यावं लागलं, स्थिर डेबियन १२ मध्ये मात्र ते आलंच नव्हतं.

आवृत्तीच्या आकड्यावरून मात्र सुरक्षेचा निष्कर्ष काढू नका. जून २०२५ च्या अखेरीस सुडोमधल्या (साध्या खात्यावरून रूट, म्हणजे मुख्य ॲडमिनचे, अधिकार देणाऱ्या कमांडमधल्या) दोन त्रुटी जाहीर झाल्या. त्यातली सीव्हीई-२०२५-३२४६३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) गंभीर होती: साध्या वापरकर्त्याला 'सीएचरूट'च्या पर्यायातून रूट होता यायचं. मूळ दुरुस्ती १.९.१७पी१ मध्ये आहे. ट्रिक्सीत सुडो १.९.१६पी२ दिसतं, म्हणून काही स्कॅनर लाल खूण करतात. पण पॅकेजच्या नावाला पुढे '-३' आहे, आणि दुरुस्ती त्या '-३' मध्येच आणून बसवली आहे. 'ॲप्ट चेंजलॉग सुडो' काढून त्यात सीव्हीईचा आकडा शोधा. डेबियन १२ मधलं सुडो तर इतकं जुनं की ही त्रुटी त्यात शिरलीच नव्हती. दुसरी, सीव्हीई-२०२५-३२४६२, तिथे होती आणि वेगळ्या अपडेटने दुरुस्त झाली. असे पॅच हातात पडावेत म्हणून 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे आपोआप अपडेट करणारं पॅकेज चालू ठेवा.

नव्याने बसवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो तेव्हा तो रिकामा सोडा, म्हणजे तुमच्या खात्याला सुडो आपोआप मिळतं. पासवर्ड दिलाच असेल तर 'एसयू -' करून 'ॲडयूझर तुमचं-नाव सुडो' द्या आणि लॉगआउट करून पुन्हा आत या. 'एसयू'पुढची ती आडवी रेघ विसरलात तर 'कमांड नॉट फाउंड' येईल, कारण ॲडमिनच्या कमांड जिथे असतात त्या एसबिन फोल्डरचा रस्ता मिळत नाही. मराठी टंकलेखनासाठी 'आयबस-एम१७एन' बसवा, लॉगआउट करा आणि ग्नोमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जोडा.

पूर्ण सपोर्ट ९ ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि एलटीएस (त्यापुढचा दीर्घ मुदतीचा सपोर्ट) ३० जून २०३० पर्यंत आहे. डेस्कटॉप, वेब सर्व्हर, ऑफिसचा फाइल सर्व्हर यांनी यावं. डव्हकॉट या मेल सर्व्हरवर मेल चालवणाऱ्यांनी आधी दुसऱ्या मशीनवर करून बघावं. डव्हकॉट २.४ जुनी कॉन्फिगरेशन फाइल स्वीकारत नाही, ती नव्याने लिहावी लागते, आणि तोवर कोणालाही मेल वाचता येत नाही.